टाळ वाजत राहिला म्हणजे कोणाचं तरी अडलंय

वाचकांचे प्रश्न : कामाची जागा

मागच्या अंकात टीमबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा म्हटलं होतं आणि पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप मिळून एवढं आलं की वाचतानाच दोन रविवार गेले. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण पाच प्रश्न असे निवडलेत की त्यात बाकीच्यांचंही बरंचसं येऊन जाईल. मी स्वतः २९ वर्षं कारखान्यात काढली, आधी इन्स्पेक्शनला आणि मग प्लँटच्या एचआरला, त्यामुळे माझी उदाहरणं मशीनजवळची जास्त असतील, ते समजून घ्या.

प्रश्न : ताई नमस्कार, मी चाकणला ऑटो पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर आहे, १४ वर्षं झाली. आमच्याकडे रोज सकाळी साडेआठला मीटिंग असते, मालक स्वतः घेतात, पाऊण तास चालते. प्रॉडक्शनवाले म्हणतात क्वालिटीवाले माल अडवतात, क्वालिटीवाले म्हणतात मेंटेनन्सवाले फिरकत नाहीत, मेंटेनन्सवाले म्हणतात स्टोअरला स्पेअरच नाही. शेवटी साहेब म्हणतात आपण सगळे एक फॅमिली आहोत, मिळून काम करा, आणि मीटिंग संपते. दुसऱ्या दिवशी परत तेच. मागच्या महिन्यात कस्टमरकडून लॉट परत आला तेव्हा तर प्रकरण हातघाईवर आलं होतं. माझ्या हाताखाली ३४ जण आहेत, त्यातले १९ कॉन्ट्रॅक्टवर. मालकांना सांगायची माझी हिंमत नाही, पण माझ्या लाइनवर तरी मी काय करू?

उत्तर : दादा, मालकांना बदलायच्या मागे न लागता "माझ्या लाइनवर काय करू" असं विचारलंत ते मला फार आवडलं. मी ज्या चांगल्या टीम बघितल्या त्यातली एकही वरून हुकूम आला म्हणून तयार झाली नव्हती, कोणीतरी एका सुपरवायझरनं नाहीतर एखाद्या सेटरनं रोजची एक सवय धरली आणि ती हळूहळू बाकीच्यांना लागली.

आधी आमच्याकडचं एक सांगते. मी इन्स्पेक्शनला होते तेव्हाची गोष्ट, एका हाउसिंगचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर व्हायचा. सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरचं इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजत आलं होतं, बोअर लहान यायला लागला म्हणून त्यानं मशीनला ऑफसेट, म्हणजे झिजेची भरपाई, देत देत ४० मायक्रॉनवर नेला, माल साइजमध्ये ठेवला, शिफ्ट संपली तसा शेवटच्या बसला पळाला. थर्ड शिफ्टच्या पोरानं आल्या आल्या इन्सर्ट बघितलं, झिजलंय म्हणून नवीन लावलं. दोघांनीही आपापलं काम चोख केलं बघा, पण ऑफसेटचं कोणी कोणाला बोललंच नाही. मशीनवरचा गेज कॅलिब्रेशनला (तपासून घ्यायला) गेलेला, रात्री इन्स्पेक्शनला माणूस नसायचा. नवीन इन्सर्ट आणि जुना ऑफसेट, म्हणजे सगळेच बोअर मोठे. बोअर लहान राहिला तर परत मारता येतो, मोठा झाला की तो पीस गेलाच. सकाळी मी पहिल्या पीसमध्ये माझा प्लग गेज घातला तर नो-गोची, म्हणजे भोक मोठं असेल तरच आत जाणारी बाजू सरळ आत गेली, दुसऱ्यात गेली, तिसऱ्यात गेली, माझ्या पोटात गोळा आला. १८० पीस स्क्रॅप.

त्यानंतरच्या मीटिंगला जे झालं ते मला स्क्रॅपपेक्षा जास्त लागलं. दोघांनाही मेमो दिला. परिणाम काय झाला, तर पंधरा दिवसांत सगळे ऑपरेटर ऑफसेट लपवायला लागले. स्क्रीनवर आकडा आहे, पण विचारलं तर "मी हात लावला नाही मॅडम". एका मेमोनं अख्ख्या लाइनचं तोंड बंद केलं.

ते तोंड परत उघडायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं, आणि ज्या दोन गोष्टींनी ते उघडलं त्याच तुम्हाला सांगते.

पहिली, पाळी बदलताना जाणाऱ्यानं येणाऱ्याला मशीनजवळ उभं राहून सांगायचं. गेटवर नाही, लॉकर रूममध्ये नाही, मशीनच्या समोर. शिफ्ट दहा मिनिटं एकमेकांवर चढवायची. एक साधी वही, त्यात फक्त चार गोष्टी : काय बदललं, काय अर्धवट आहे, कशावर लक्ष ठेव, आणि दोघांच्या सह्या. "काय बदललं" हे पहिलं लिहायचं कारण माणूस काय केलं ते सांगतो पण काय बदललं ते सांगायला विसरतो, आणि घोळ बहुतेक तिथंच असतो. ही दहा मिनिटं कोणाच्या खिशातून जाणार ते मात्र आधी ठरवा. कामगार फुकट थांबणार नाही आणि त्यानं थांबूही नये, बसची वेळ पुढे ढकलता येते का बघा, नाहीतर निम्मी लाइन आधी आणि निम्मी नंतर अशी सोडा. आमच्याकडं पहिले दोन महिने ही सवय लागली नाही ती फक्त बसमुळे, आणि आम्ही उगाच कामगारांना दोष देत बसलो होतो.

दुसरी, तुमची स्वतःची मीटिंग, लाइनवर, उभ्यानं, दहा मिनिटं, शिफ्ट सुरू होताना. त्यात तुम्ही कमीत कमी बोलायचं. काल जे ठरलं ते झालं का, आज कुठं अडेल असं वाटतं, आणि कोणाला कोणाकडून काय हवंय, एवढंच. जे निघेल ते बोर्डावर लिहायचं, समोर एकाचं नाव आणि तारीख. "मेंटेनन्स" असं लिहू नका, डिपार्टमेंट काही करत नसतं, माणूस करतो. आणि ते १९ जण त्याच गोलात उभे राहिले पाहिजेत. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना बाजूला ठेवून टीम होत नाही, दिवसाचे आठ तास माल त्यांच्याच हातातून जातो, कुठला पीस फिक्श्चरमध्ये नीट बसत नाही हे त्यांच्या बोटांना आधी कळतं.

आता यातलं सगळ्यात अवघड. पहिले आठ-दहा दिवस कोणी काही बोलणारच नाही. सगळं ठीक आहे साहेब, एवढंच. इथे मला वारीतली एक पद्धत सांगायची आहे, मी माऊलींच्या पालखीबरोबर चार वर्षं चालले तेव्हा डोळ्यांनी बघितली. संध्याकाळी पालखी तळावर पोचली की समाजआरती असते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या, हजारो टाळ एकदम वाजत असतात, कानाला दुसरं काही ऐकू येत नाही. चोपदार हातातला चोप वर करतात आणि एका क्षणात सगळं शांत. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ना, ती दिंडी टाळ थांबवत नाही. एवढ्या शांततेत तेवढाच आवाज. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, काय झालंय ते ऐकतात, तोड निघते, हरवलं-सापडलं सांगितलं जातं, आणि मग आरती होते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण दुपारीच मी कंपनीतल्या कटकटींचा विचार करत चालत होते आणि इथे लाखोंचा समाज, आणि तरीही एका दिंडीचं म्हणणं ऐकल्याशिवाय दिवस मिटत नाही. तक्रार करणारा तिथे शिस्त मोडत नसतो, तक्रार करायची तीच तर शिस्त आहे. रोज त्याच वेळी, त्याच जागी, सगळ्यांसमोर, आणि ऐकणारा माणूस ठरलेला.

तुमच्या लाइनवर तो टाळ काय असेल ते तुम्ही ठरवा. टोयोटाच्या लाइनवर कामगाराच्या डोक्यावर दोरी असते (आता काही ठिकाणी बटण), शंका आली की ओढायची, दिवा लागतो, टीम लीडर त्याच्याजवळ जातो, आणि ठरलेल्या वेळात सुटलं नाही तर लाइन थांबते. साध्या कामगाराला लाइन थांबवायचा अधिकार. तुमच्याकडं दोरी नसली तरी लाल टोपी असलेला एक पीस चालेल, तो टेबलावर उभा केला की तुम्ही तिथं जायचं. जायचंच. पहिल्या वेळी जो उभा करेल त्याच्याशी तुम्ही कसं बोलता त्यावर पुढचं वर्ष ठरेल, कारण बाकीचे ३३ जण मशीन चालवत चालवत तेच बघत असतात. तोंडातून पहिला शब्द "बरं झालं सांगितलंस" हाच यायला हवा, मग कारण काहीही निघो.

डिपार्टमेंटच्या भांडणाचं थोडक्यात सांगते. तुमच्याकडं प्रॉडक्शनला किती पीस काढले त्यावर विचारतात आणि क्वालिटीला किती रिजेक्ट गेले त्यावर, बरोबर ना? मग ते भांडणारच, दोघांना दोन दिशांना पळायला सांगितलंय. बोर्डावर एकच आकडा मोठ्या अक्षरात लिहा : आज बरोबर पीस किती गाडीत चढले. अडकलेला माल, परत आलेला माल त्यातून वजा. क्वालिटीचा एक माणूस आणि मेंटेनन्सचा एक माणूस तुमच्या दहा मिनिटांत बोलवा, साहेब म्हणून नाही, गोलात उभं राहायला, आणि बोर्डावरचं त्यांचं एखादं काम झालं की सगळ्यांसमोर नाव घेऊन सांगा की यांनी सोडवलं. मालकांना आत्ता काही बोलू नका. महिन्यानं बोर्डाचे फोटो दाखवा.

प्रश्न : मॅडम, मी हिंजवडीला आयटी कंपनीत लीड आहे. टीम ९ जणांची, ६ पुण्यात आणि ३ न्यू जर्सीत. रोज संध्याकाळी साडेसातला स्टँडअप, म्हणजे टीमची छोटी मीटिंग, असतो. प्रत्येकजण म्हणतो, काल या तिकिटावर (नेमून दिलेल्या कामावर) काम केलं, आज तेच कंटिन्यू, नो ब्लॉकर्स. कॅमेरे बंद. आणि मग रिलीजच्या आदल्या रात्री कळतं की पुण्यातल्यानं आणि तिकडच्यानं एकच एपीआय (दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) दोन वेगळ्या प्रकारे समजून घेतला होता. माझा मुलगा ५ वर्षांचा आहे, त्याच्या जेवणाच्या वेळेला मी रोज कॉलवर असते आणि त्या कॉलमधून काही निघतही नाही, फार वाईट वाटतं.

उत्तर : ताई, शेवटचं वाक्य वाचून मलाही वाईट वाटलं, म्हणून तिथूनच सुरू करते. साडेसात म्हणजे तिकडे उन्हाळ्यात सकाळचे १० आणि हिवाळ्यात ९. म्हणजे तिघांची आरामात कामाची वेळ आणि सहा जणांच्या घरातली संध्याकाळ, वर्षभर. टीममध्ये त्रास कोणाच्या वाट्याला येतो हे न बोलता ठरून गेलेलं असतं आणि मनातली अढी तिथून सुरू होते. आठवड्यात दोनच दिवस बोलायचा कॉल ठेवा, बाकी तीन दिवस लिहून. आणि त्या दोनातला एक तरी पुण्याच्या सायंकाळी साडेपाचला घ्या, तिकडच्यांनी उन्हाळ्यात सकाळी ८ ला यावं, नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं मागे गेली की तो ७ चा होईल, तेव्हा परत बोलून ठरवा. कदाचित ते आनंदानं हो म्हणतील, त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

आता कॉलबद्दल. स्टँडअप १५ मिनिटांचा असतो आणि तो टीमनं आपापसात दिवस ठरवायला असतो, लीडला हजेरी द्यायला नाही. काल काय, आज काय, अडथळा काय हे तीन प्रश्न तर २०२० च्या स्क्रम गाइडमधून, म्हणजे या पद्धतीच्या नियमांच्या पुस्तिकेतून, काढूनच टाकले, तरी आपण अजून तेच म्हणतोय. माणसांच्या क्रमानं विचारू नका, तिकिटांच्या बोर्डाच्या क्रमानं विचारा. जे तिकीट संपायला सगळ्यात जवळ आलंय तिथून सुरू करा, हे आज बंद व्हायला काय लागेल, कोण हात लावेल. मग आपोआप दोघं एकमेकांशी बोलतात, तुमच्याशी नाही. आणि "ब्लॉकर आहे का" याला सगळे नाहीच म्हणणार, हो म्हटलं की आपण कमी पडलो असं वाटतं ना. त्याऐवजी "कालपासून सगळ्यात जास्त वेळ कशात गेला" असं विचारून बघा, आणि पहिलं उत्तर तुम्ही द्या, खरं खरं, की मी दीड तास एका परमिशनच्या मागे होते आणि अजून सुटलेलं नाही.

एपीआयचं मात्र स्टँडअपनं सुटणार नाही. पुण्यातले सहा जण टपरीवर चहा पिताना जे ठरवता ते ठरलं असं तुम्हाला वाटतं, तिकडच्या तिघांना ते माहीतच नसतं. तुमच्या पत्रात हे नाही, पण बहुतेक असंच होत असणार, कारण मला आलेल्या आयटीच्या प्रत्येक पत्रात टपरी आहे. टपरी बंद करू नका, तिथं माणसं जुळतात. फक्त एक नियम करा, ठरलं ते लिहिलं तर ठरलं. एकच पान, त्यात तारीख, काय ठरलं, का ठरलं, कोण करणार, बास. आणि दोन बाजूंनी बनणारी कुठलीही गोष्ट असेल तर कोडला हात लावायच्या आधी दोघांनी मिळून एक खरा रिक्वेस्ट आणि त्याचा खरा रिस्पॉन्स लिहायचा, तारखेचा फॉरमॅट, रिकामं फील्ड आलं तर काय, सगळं. वीस मिनिटं लागतात. तुमची रिलीजच्या आदल्या रात्रीची भांडणं त्या वीस मिनिटांत आधीच होऊन जातील आणि तेव्हा ती भांडणं वाटणारही नाहीत.

रेट्रो, म्हणजे झालेल्या कामात काय चुकलं ते बघायची मीटिंग, करत असाल तर त्यातून बारा मुद्दे काढू नका, एकच काढा, आणि पुढच्या रेट्रोची सुरुवात त्या एकाचं काय झालं यानंच करा. लोकं बोलायची थांबतात ती भीतीनं तर थांबतातच पण त्याहून जास्त यामुळे की मागच्या वेळी बोललो त्याचं काहीच झालं नाही.

प्रश्न : मी एका खासगी हॉस्पिटलमध्ये इनचार्ज सिस्टर आहे, ४० बेडचं, जिल्ह्याच्या गावी. नवीन मुली हुशार आहेत पण डॉक्टरांसमोर तोंड उघडत नाहीत. मागे एका पेशंटच्या फाइलवर अ‍ॅलर्जी लिहिलेली होती, एका मुलीच्या लक्षात आलं होतं, पण सर रागावतील म्हणून ती गप्प राहिली. सुदैवानं इंजेक्शन द्यायच्या आधी मी पोचले. त्या मुलीला रागावू की नको तेच कळेना.

उत्तर : सिस्टर, नका रागावू. ती त्या रात्री झोपली नसणार. तिला बाजूला घेऊन एवढंच विचारा की तू गप्प का राहिलीस, आणि जे सांगेल ते मधे न तोडता ऐका, कारण ते उत्तर तिच्या एकटीचं नाही, सगळ्या वॉर्डचं आहे.

तुमच्याच क्षेत्रातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या नर्सिंग टीमचा अभ्यास केला, औषधाच्या चुका कुठं जास्त होतात ते बघायला. त्यांना वाटलं होतं चांगल्या टीममध्ये चुका कमी दिसतील. आकडे उलटेच आले, जिथं इनचार्ज चांगली आणि मोकळी, तिथंच नोंदवलेल्या चुका जास्त. नंतर लक्षात आलं की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, तिथं चुका सांगितल्या जात होत्या. बाकीच्या वॉर्डांत त्या दाबल्या जात होत्या. त्यामुळे तुमच्या रजिस्टरला सहा महिने एकही चूक नसेल तर मला काळजी वाटेल.

करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. जगातल्या ८ शहरांतल्या ८ हॉस्पिटलमध्ये ती वापरून बघितली, त्यात एक दिल्लीचं होतं, आणि ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. त्या यादीत पेशंटचं नाव, अ‍ॅलर्जी हे सगळं आहेच, पण एक मुद्दा असा आहे की चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. साधं वाटतं ना? पण जिनं एकदा त्या खोलीत स्वतःचं नाव मोठ्यानं उच्चारलंय तिला दुसऱ्यांदा तोंड उघडणं सोपं जातं.

तुम्ही वॉर्डात हेच आणा. ड्यूटी बदलताना हँडओव्हर टेबलावर बसून नको, बेडजवळ, फाइल उघडून, पेशंट आणि नातेवाईक ऐकत असताना, आणि घेणाऱ्या मुलीनं ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, डोस आकड्यासकट. अ‍ॅलर्जी पहिली. सकाळच्या राउंडला सगळ्यात ज्युनियर मुलीनं सगळ्यात आधी बोलायचं, एकच वाक्य, रात्री काय वेगळं दिसलं. सरांशी तुम्ही आधी बोलून ठेवा, त्यांना दोष न देता, की मुलींना एक वाक्य ठरवून देऊ, "सर, एकदा थांबून फाइल बघूया." हे वाक्य आलं की कोणीही असो, हात थांबला पाहिजे. वाक्य सगळ्यांचं आधीच ठरलेलं असलं की म्हणणारीला उद्धट वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही अपमान वाटत नाही. बहुतेक डॉक्टर तयार होतात हो, पेशंटला काही झालेलं त्यांनाही नकोच असतं.

प्रश्न : माझं वर्कशॉप आहे, २२ माणसं. यंदा सगळ्यांना लोणावळ्याला रिसॉर्टवर न्यायचं म्हणतोय, टीम बिल्डिंगवाले येऊन गेम घेतात, दोन लाखांच्या आसपास खर्च आहे. उपयोग होईल का?

उत्तर : माणसांनी वर्षभर राबून एक दिवस आनंदात घालवावा म्हणून नेत असाल तर जरूर न्या, आणि घरच्यांनाही न्या, ते लोकं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. पण टीम व्हावी म्हणून नेत असाल तर त्यातले थोडे पैसे आधी दुसरीकडं लावा. २२ जणांना एक एक करून विचारा की कामात रोज कशाचा त्रास होतो. एकच पाना चौघांत फिरतोय, पंखा बंद आहे, पगाराची तारीख पक्की नाही, असलं काहीतरी निघेल. त्यातलं जे लगेच होण्यासारखं आहे ते महिनाभरात करून टाका, बाकीचं कधी करणार ते सांगा, आणि मग लोणावळा.

प्रश्न : नमस्कार ताई, आमचा सातारा जिल्ह्यात १० बायकांचा बचत गट आहे, ७ वर्षं झाली. मसाला आणि शेंगदाण्याची चटणी करतो, जत्रेत आणि प्रदर्शनात विकतो. आता कुरबुर सुरू झालीय. दोघी-तिघी म्हणतात आम्हीच राबतो आणि वाटणी सगळ्यांना सारखी. एकजण सासू आजारी असल्यामुळे येऊ शकत नाही, तिला तर टोमणेच. गट फुटेल अशी भीती वाटते. तुम्ही कंपनीतल्यांना सांगता, आमच्यासारख्यांना काय सांगाल?

उत्तर : मावशी, खरं तर या विषयात तुम्हीच कंपनीवाल्यांना शिकवायला हवं. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या गटांना पंचसूत्री पाठ असते, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत हिशोब. ७ वर्षं तुमच्या गटात बचतीच्या पैशावरून भांडण झालं नाही ना? का झालं नाही, तर प्रत्येक बैठकीत वही उघडते, कोणी किती भरले, कोणाकडे किती बाकी, सगळ्यांसमोर वाचलं जातं. कोणाच्या मनात काही राहायला जागाच नाही.

पण मेहनतीची वही तुम्ही ठेवलीच नाही. बचत सगळ्यांची सारखी होती तोवर वाटणी सारखी चालली, मसाला सुरू झाला तेव्हा काम सारखं राहिलं नाही आणि वाटणी मात्र तशीच राहिली. त्या दोघी-तिघींचं म्हणणं खरं असू शकतं आणि सासूची सेवा करणारीही चुकलेली नसते.

त्याच वहीत मागच्या बाजूनं कामाची पानं सुरू करा. मिरच्या निवडणं, भाजणं, डंकावर नेणं, चटणी कुटणं, पॅकिंग, स्टॉलवर बसणं, हिशोब लिहिणं, अशी कामं वेगवेगळी लिहा आणि प्रत्येकाचा दर सगळ्यांनी मिळून ठरवा, निवडायचा किलोमागे, पॅकिंगचा पुड्यामागे, स्टॉलचा दिवसामागे. मिरच्या भाजायचा दर थोडा जास्त ठेवा, तो ठसका आणि डोळ्यांची आग ज्यांनी सोसलीय त्यांनाच माहीत. हिशोब लिहिणारीचेही पैसे धरा, तिचं काम कोणाला दिसत नाही. विक्रीतून आधी मालाचे पैसे, मग मजुरी जिची तिला, आणि जे उरेल ते सगळ्या दहा जणींत सारखं, कारण गट सगळ्यांच्या बचतीवर उभा आहे.

सासू आजारी असलेल्या ताईला पॅकिंगचं काम घरी द्या. वजनकाटा आणि सीलिंगचं मशीन आठवड्यातले दोन दिवस तिच्या घरी ठेवलं तर सासूजवळ बसून तिचे शंभर पुडे होतील. कोणीतरी जाऊन ते आणायचे, आणि आणायला प्रत्येक वेळी वेगळीनं जायचं, म्हणजे तिच्या घरात काय चाललंय ते प्रत्येकीला डोळ्यांनी दिसेल. टोमणे तिथं आपोआप कमी होतात असा माझा अनुभव आहे.

आणि बैठकीत हिशोब वाचून झाला की लगेच उठू नका. गोलात बसून प्रत्येकीनं एवढंच सांगायचं, या आठवड्यात मला कशाचा त्रास झाला. काही नसेल तर काही नाही म्हणायचं आणि पुढचीकडे बघायचं. अध्यक्ष मावशींनी सगळ्यात शेवटी बोलायचं. पहिल्या दिवशी कोणी रडेल, एखादी उठून जाईल, घाबरू नका, पुढच्या आठवड्यात तिची जागा गोलात तशीच मोकळी ठेवा. दर ठरवताना किलोमागे किती ठरलं ते मला नक्की कळवा, कारण साताऱ्यातल्याच अजून दोन गटांनी हाच प्रश्न विचारलाय आणि त्यांना मी तुमची वही दाखवणार आहे.